टाचा टेकव

आमच्या बेडरूमच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत. प्रत्येक रेघेशेजारी तारीख आणि ‘म’ किंवा ‘नि’. म म्हणजे मुक्ता, वय सात. नि म्हणजे निनाद, वय चार. मागच्या वर्षी घराला रंग काढला तेव्हा रंगाऱ्याला म्हटलं, एवढी पट्टी सोडा. ‘‘मॅडम, घाण दिसेल,’’ तो म्हणाला. दिसते. दिसू दे.

दिवाळीच्या सुट्टीत थीम पार्कला जायचं ठरलं आणि या चौकटीला एकदम भाव आला. मुक्ताच्या वर्गातली एक मैत्रीण तिथे जाऊन आली होती. तिनं येऊन बातमी दिली की तिथल्या लाल रोलर कोस्टरला १२० सेंटिमीटर उंची लागते. मुक्ता दसऱ्याला ११९ होती. या वयात मुलं वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे एका सेंटिमीटरला साधारण दोन महिने. आमच्या हातात होते पंचवीस दिवस. त्या पंचवीस दिवसांत तिनं जे जे केलं ते लिहायला बसले तर वेगळा लेख होईल. एवढंच सांगते, की कोथरूडमधल्या आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये एक आडवा पाइप आहे आणि त्याला रोज संध्याकाळी एक मुलगी वटवाघळासारखी लटकलेली असायची. फक्त सरळ.

निघायच्या पहाटे साडेपाचला पुन्हा मोजमाप झालं. ११९ आणि वर जरासं. समीरनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, कुठेतरी वाचलेलं ज्ञान बाहेर काढलं : माणूस सकाळी उठल्या उठल्या सगळ्यात उंच असतो. रात्रभर आडवं पडल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात, दिवसभर उभं राहून, बसून त्या पुन्हा दबतात. मोठ्या माणसात हा फरक जवळपास एक सेंटिमीटरचा असतो. तेव्हा पोचल्या पोचल्या आधी लाल कोस्टर, बाकी सगळं नंतर.

‘‘मग हिला झोपवूनच न्या ना,’’ अप्पा म्हणाले. ‘‘उभीच करू नका तिथे पोचेपर्यंत.’’

अप्पा म्हणजे माझे वडील. वय शहात्तर, मुक्काम सातारा, दिवाळीला आमच्याकडे. त्यांचा प्रस्ताव मुक्तानं मनापासून उचलून धरला. सीटबेल्टचं कारण सांगून आम्ही तो फेटाळला, तर चांदणी चौकापर्यंत गाडीत सुतकी शांतता.

मुलांना घेऊन प्रवास म्हणजे काय, हे गाडीची डिकी उघडली की कळतं. दोन दिवसांसाठी निघालेली चार माणसं आणि एक आजोबा, आणि सामान असं, की एखादं बिऱ्हाड पिंपरीला हलवतायत. कपड्यांचे जास्तीचे जोड, टोप्या, टॉवेल, आवळा सुपारी, आल्याच्या वड्या, प्लास्टिकच्या पिशव्या, अप्पांच्या मांडीवर चिवड्याचा डबा. प्लास्टिकच्या पिशव्या कशाला ते खंडाळ्यात समजलं. निनादला गाडी लागते. दोन वर्षांचा होईपर्यंत हाच घाट तो झोपेत पार करायचा, तेव्हा मी आयांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फुशारकी मारली होती. दोन वर्षांखालच्या मुलांना सहसा गाडी लागतच नाही आणि खरा त्रास त्यानंतरच सुरू होतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आतला कान सांगत असतो की आपण वळतोय, डोळे समोरच्या सीटच्या पाठीला चिकटलेले असतात आणि ते म्हणतात, कुठे? सगळं जागच्या जागी तर आहे. या दोघांच्या भांडणाचा निकाल पोटात लागतो. म्हणून अशा मुलाला लांबचं बघायला सांगायचं. आम्ही सांगितलं. त्यानं लांबचं बघितलं आणि मग पिशवीत बघितलं.

‘‘इथे अमृतांजनचा पूल होता,’’ अप्पा मध्येच म्हणाले.

‘‘कुठे?’’ दोन्ही मुलांनी खिडकीला नाकं लावली.

१८३० सालचा, रस्त्याच्या डोक्यावरून जाणारा तो पूल २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पाडला. पण अप्पा आजही त्या जागेवरून जाताना मान किंचित खाली घालतात. गाडीत बसून. मी हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

तिकीट खिडकीपाशी मात्र भलतंच घडलं. मुलांचं तिकीट तिथेही उंचीवरच होतं. १०० सेंटिमीटरच्या आतलं मूल फुकट, वरचं असेल तर पैसे. भिंतीवर एक रंगीत जिराफ आणि जिराफाच्या मानेवर आकडे. निनाद १०१. आम्हाला ते घरूनच माहीत होतं, पैसेही मोजून ठेवले होते. निनाद जिराफाला पाठ लावून उभा राहिला आणि मला दिसलं की अप्पांचा हात त्याच्या खांद्यावर गेलाय. प्रेमानं ठेवल्यासारखा. पण तो हात मी ओळखते. त्याचा दाब माझ्या खांद्याला पाठ आहे.

‘‘अप्पा!’’

‘‘अगं, टोपी सारखी करतोय त्याची.’’

तर, हात. माझ्या लहानपणी एसटीत पाच वर्षांच्या आतलं मूल फुकट आणि पाच ते बारा अर्धं तिकीट असा नियम होता, अजूनही तोच आहे. साताऱ्याहून आत्याकडे पुण्याला यायचं म्हणजे स्टँडवर आधी अप्पा उजळणी घ्यायचे. ‘‘वय काय?’’ ‘‘पावणेपाच.’’ ‘‘शाबास.’’ मी पावणेपाच वर्षांची किमान दीड वर्ष होते. माझा दादा सलग तीन उन्हाळे अकरा वर्षांचा होता, त्याला मिसरूड फुटेपर्यंत. कंडक्टर जवळ आला की अप्पांचा हात खांद्यावर पडायचा आणि आपण आपोआप सीटमध्ये विरघळायचं. गुडघे दुमडायचे, मान आखडायची, तोंड शक्य तेवढं बावळट. अप्पा जिल्हा परिषदेत नोकरीला होते, आयुष्यात कुणाचा एक रुपया त्यांनी बुडवला नाही. पण एसटीचं तिकीट हा प्रकार त्यांच्या हिशोबात प्रामाणिकपणाच्या थोडा बाहेर पडायचा. त्या काळी तो बऱ्याच बापांच्या हिशोबात बाहेरच पडायचा.

एकदा खंबाटकी घाट उतरल्यावर एक कंडक्टर भेटला. पिकलेल्या मिशांचा, तिकिटांची पेटी कुशीत घेऊन येणारा. त्यानं वय विचारलंच नाही. वाकून, हसून म्हणाला, ‘‘कितवीला आहेस गं, बाळा?’’

हा प्रश्न उजळणीत नव्हता. मी ताठ बसले आणि अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं सांगितलं, ‘‘पहिलीत! पहिला नंबर!’’

अप्पांनी मुकाट अर्धं तिकीट काढलं. शिरवळ गेलं, कात्रजचा घाट आला, स्वारगेट आलं, ते एक अक्षर बोलले नाहीत. स्वारगेटला उतरल्यावर मात्र उसाचा रस पाजला. पूर्ण ग्लास.

तोच हात आता नातवाच्या खांद्यावर होता. आम्ही निनादचे पैसे भरले. अप्पा बाजूला उभे राहून पार्कच्या कमानीची रचना बघू लागले.

आणि त्यानंतर दहा मिनिटांत आम्ही लाल कोस्टरच्या रांगेत, दुसऱ्या एका पट्टीसमोर. गंमत अशी की खिडकीपाशी ज्या घराला आपलं मूल आणखी चार बोटं बुटकं असतं तर बरं असं वाटत असतं, त्याच घराला आत गेल्यावर ते उंच हवं असतं. आमच्यापुढे एक काका मुलाच्या बुटांत रुमालाच्या घड्या घालत होते. एका आईनं मुलीचा आंबाडा डोक्याच्या बरोबर मधोमध बांधला होता, देवळाच्या कळसासारखा. दुसऱ्याच्या मुलांना हसायला मला काहीच हक्क नव्हता. मुक्तानं तीन जोड मोजे घातले होते आणि ते मला माहीत होतं.

रांगेच्या टोकाला विशीतला एक मुलगा, हातात उभा दांडा, दांड्याला वर आडवी फळी. त्यानं फळी मुक्ताच्या डोक्यावर आणली. फळी टेकली.

‘‘टाचा टेकव, बाळा.’’

मुक्तानं टाचा टेकवल्या. फळी आणि डोकं यांच्यामध्ये आता माझं करंगळीचं नख मावलं असतं. बूट, तीन जोड मोजे आणि सकाळची सगळी उंची धरून.

‘‘एवढंसं तर आहे,’’ समीर म्हणाला.

‘‘हो ना, दादा. पण नाही जमणार.’’

‘‘मी घाबरत नाही,’’ मुक्ता त्याला म्हणाली. ‘‘मी आमच्या पार्किंगमध्ये उलटी पण लटकते.’’ ही माहिती मला नवीन होती.

तो पोरगा खाली बसला, तिच्या उंचीवर आला. म्हणाला, ‘‘घाबरायचा प्रश्नच नाही गं. ती खुर्ची बघ. त्यावर जो दांडा येतो ना, तो मांडीवर घट्ट बसायला लागतो. खुर्ची मोठ्या माणसाच्या मापाची. तू बारीक आहेस, दांड्याखालून सुर्रकन निसटशील. पट्टी दांड्यासाठी आहे, तुझ्यासाठी नाही.’’

मला वाटतं मुलांना नाही म्हणायची ही फार चांगली रीत आहे. आम्ही घरी ‘तू अजून लहान आहेस’ म्हणतो आणि मग दार आपटल्याचा आवाज ऐकतो. मुक्ता रडली नाही. मागे वळली आणि मला म्हणाली, ‘‘आई, तू जा. आणि मला सांग.’’

खरं सांगते, मला जायचं नव्हतं. मला सिंहगडावर जीप वळली तरी देव आठवतो. पण पूर्ण उंचीची बाई मी, रांगेत उभी, मागे शंभर माणसं. बसले. डबा साखळीनं वर ओढला जाऊ लागला, टक टक टक टक. हा आवाज भीती घालायला नसतो, हे समीरनं नंतर सांगितलं, म्हणजे अर्थातच नको तेव्हा. साखळी तुटलीच तर डबा मागे घसरू नये म्हणून खाली दाते असतात, त्यांवरून खीळ अडकत अडकत जाते, तिचा तो आवाज. शिखरावर साखळी सोडून देते. त्यापुढे इंजिन नाही, मोटर नाही. चढताना जेवढी उंची कमावली तेवढीच खर्चत खालपर्यंत यायचं. म्हणून पहिला चढ सगळ्यात उंच आणि पुढचे सगळे त्याहून ठेंगणे.

मला चढ आठवतो. बाकीचं मी डोळे मिटून केलं.

‘‘कसं होतं?’’ खाली मुक्तानं विचारलं.

‘‘छान.’’

‘‘खोटं. तुझा आवाज इथपर्यंत येत होता. तू अप्पांना हाक मारत होतीस.’’

अप्पा कमालीचे खूश दिसले.

बाकीचा दिवस जसा जायचा तसा गेला. रांगा, ऊन, निनादची चाळीस वेळा शू. एकाच घोड्यावर सहा वेळा बसणं, कारण तो घोडा ‘आपला’ आहे आणि दुसरा ‘त्या मुलीचा’. बाहेरचं खाणं आत न्यायचं नव्हतं, म्हणून दुपारी पार्किंगमध्ये डिकी उघडून, हातावर शिक्के असलेल्या पाच जणांनी चिवडा खाल्ला. मला विचाराल तर तो सहलीतला सर्वांत निवांत अर्धा तास. अप्पांना पुण्यातलं पेशवे पार्क आठवलं. तिथल्या फुलराणीला, म्हणजे मुलांच्या छोट्या आगगाडीला, असली पट्टी नव्हती, ते म्हणाले, आजोबा आणि नातू एकाच बाकावर बसायचे. फुलराणी सुरू झाली १९५६ साली. तिकडे कॅलिफोर्नियात डिस्नीलँड उघडलं ते १९५५ च्या जुलैमध्ये. म्हणजे आपण काही फार मागे नव्हतो, एवढं म्हणून अप्पांनी डब्याचं झाकण लावलं.

रात्र तिथेच जवळ काढली, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि संध्याकाळी परत. निनादला घाट चढताना काही झालं नाही. पोटात काही उरलंच नव्हतं बहुधा. घरी आल्यावर बुटांसकट मुक्ता चौकटीपाशी.

‘‘मोज.’’

‘‘अगं, उद्या सकाळी मोजू.’’

‘‘आत्ता.’’

मोजे काढायला लावले. रेघ मारली. आदल्या दिवशीच्या पहाटेच्या रेघेच्या खाली आली.

‘‘मी कमी झाले?’’ एवढा वेळ आवरून धरलेलं रडं आता आलं. राइड हुकली तेव्हा नव्हतं आलं. समीर चकत्यांबद्दल, पाण्याबद्दल सांगू लागला, पण त्या क्षणी विज्ञान ऐकण्याच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं. तेवढ्यात अप्पांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला, चपला काढल्या आणि चौकटीला पाठ लावून उभे राहिले.

‘‘माझी मार रेघ.’’

मुक्तानं नाक पुसलं, स्टुलावर चढली, पट्टी डोक्यावर ठेवली. ‘‘टाचा टेकवा, आजोबा.’’

अप्पांनी खरंच टाचा उचलल्या होत्या. त्यांनी टेकवल्या. पाच फूट साडेचार इंच. लग्नाच्या वेळी मुलीकडच्यांना दिलेल्या कागदावर पाच फूट सात लिहिलं होतं, हे आमच्या घरात सर्वांना माहीत आहे. त्यातला एक इंच खास सासऱ्यांसाठी धरला होता, हे आईनं अनेकदा सांगितलंय. तरी दीड इंचाचा हिशोब लागत नव्हता.

‘‘तुम्ही पण कमी झालात!’’ मुक्ता आनंदानं ओरडली. ‘‘आता तुम्हाला पण अर्धं तिकीट.’’

‘‘अर्धं?’’ अप्पा म्हणाले. ‘‘अगं, पंचाहत्तरच्या पुढे एसटीत तिकीटच नाही. २०२२ पासून. मी साताऱ्याहून फुकट आलोय.’’

‘‘आणि आई?’’

‘‘तिला अर्धं. सगळ्याच बायकांना अर्धं झालंय, २०२३ पासून.’’

मी पहिलीपासून काढलेल्या सगळ्या तिकिटांचा विचार केला. मुक्तानं बोटांवर मोजायला सुरुवात केली. निनाद शून्य. आजोबा शून्य. मी अर्धं. आई अर्धं. मग तिची नजर दाराशी बॅगा ओढत उभ्या असलेल्या समीरवर गेली.

‘‘म्हणजे पूर्ण तिकीट एकट्या बाबालाच?’’

अप्पांनी जावयाकडे खालपासून वरपर्यंत एकदा नीट पाहिलं.

‘‘पुढच्या खेपेला,’’ ते म्हणाले, ‘‘याला जरा वाकवून बसवू.’’