सोलापूरच्या उन्हात फुलणारी बाग निवडताना

सोलापुरात बागेसाठी रोपं डिसेंबर-जानेवारीत निवडू नयेत, असं माझं आता ठाम मत झालंय. गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत नर्सऱ्या पिटुनिया, डायंथस, शेवंतीने नुसत्या भरून वाहत असतात. पण ती थंडीची फुलं. होळी झाली की माना टाकायला लागतात आणि आपला खरा उन्हाळा तर तिथून पुढे. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर, कधी ४३-४४ पर्यंत जातो. नळाला पाणी रोज येत नाही. वर्षाचा पाऊसही बेताचाच. अशा गावात फुलझाडाची परीक्षा मे महिन्यातच घ्यायला हवी.

म्हणून घरापुढची मोकळी जागा हाती घेतली, तेव्हा आधी मेच्या भर दुपारी गावात फिरले. जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोड. एकच बघत होते : कुणी पाणी घालत नसतानाही काय फुललंय? कंपाउंडवरून ओसंडणारी बोगनवेल, दुभाजकातली कण्हेर, पिवळ्या घंटांनी लगडलेला टेकोमा, देवळाच्या आवारातला चाफा. आणि एका बंद घराच्या पायरीच्या फटीत उगवलेली सदाफुली, तळहाताएवढी माती नाही, तरी पाच पाकळ्यांची गुलाबी फुलं ताजी टवटवीत. माझ्या यादीत पहिलं नाव तिचंच लागलं.

कण्हेर मात्र मी घेतली नाही. तिचं पान, फूल, खोड सगळंच विषारी, आणि आमच्याकडे लहान मुलं दिवसभर अंगणात असतात. सदाफुलीही पोटात जाऊ द्यायची नाही, पण ती बुटकी आहे, नजरेसमोर राहते. शिवाय तिचं पान इतकं कडू की शेळीसुद्धा सहसा तोंड लावत नाही.

नर्सरीत गेले तर हिरव्या जाळीखाली सगळं कसं तुकतुकीत दिसत होतं. तिथले मामा म्हणाले, "अक्का, सावलीतलं रोप न्हेऊ नका. तिकडं उघड्यावर ठिवलंय, ते बघा. दिसायला बारकं हाय, पण ऊन खाल्लेलं हाय." हा सल्ला लाखमोलाचा. जाळीतलं रोप एकदम कडक उन्हात ठेवलं की पानं करपतात. उन्हात वाढलेल्याची पानं आधीच जाड, आखूड झालेली असतात. तेव्हापासून मी उंची बघत नाही, पान चिमटीत धरून बघते.

चिनी गुलाबाचं (पोर्चुलाकाचं) पान असंच बघण्यासारखं. सुईसारखं बारीक, पण बोटांत दाबलं तर पाणी निघतं. पाणी पानातच साठवून ठेवतं ते झाड. ऊन चढलं की कळ्या उमलतात, दुपार कलली की मिटतात. उथळ कुंडीत, गच्चीवर, कुठेही चालतं. अडेनियमचं फुगीर खोडही तेच काम करतं, मात्र पाणी साचलं की ते बुडातून कुजतं. आमची काळी माती पावसाळ्यात चिखल धरते आणि उन्हाळ्यात भेगाळते. भेगांबरोबर बारीक मुळंही तुटतात. त्यामुळे अडेनियमला कुंडीच दिली, त्यात मुरूम आणि जाड वाळू भरपूर. बाकी वाफ्यांत शेणखत घालून वर उसाच्या पाचटाचा जाड थर दिला. पाचट आपल्या जिल्ह्यात मागितलं की मिळतं, आणि त्याने माती खरंच गार राहते.

बोगनवेलीबद्दल मुद्दाम सांगते, कारण लोक तिला लाडाने बिघडवतात. रोज पाणी, वर युरिया, मग नुसता पाला वाढतो. मुळं धरली की पाण्याचा थोडा ताण बसू द्यायचा, तेव्हाच ती रंगावर येते. रंग असतो तो पाकळ्यांचा नाही, पानांचाच. खरी फुलं त्या तीन रंगीत पानांच्या मध्ये, बारीक पांढरट. बहर ओसरला की छाटणी करायची.

लावणी पावसाळ्यातच केली. कमी पाण्यावर जगणारं झाडसुद्धा पहिले काही महिने पाणी मागतंच. मुळं खोल गेल्यावर ते सोसायला शिकतं. मृग ते थंडी एवढा वेळ मिळाला तर पुढचा मे जड जात नाही. गलांड्याचं बी टाकलं होतं, तो इतका फुलला की रोजच्या देवपूजेला बाहेरून फुलं आणावी लागली नाहीत.

उन्हाळ्यात दुपारी दोनला सदाफुली पानं दुमडून उभी असते. सासूबाई कळवळून तांब्या घेऊन निघायच्या. "आई, संध्याकाळपर्यंत थांबा," म्हणायचे. सूर्य कलला की पानं आपोआप सरळ व्हायची. सकाळीही पानं लोंबलेली दिसली, बोट खुपसल्यावर माती कोरडी लागली, तरच पाणी. तेही तांदूळ-भाजी धुतलेलं. फिल्टरमधून वाया जाणारं आणि कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी मी झाडांना घालत नाही. त्यात क्षार वाढलेले असतात, कुंडीच्या कडांवर पांढरा थर चढतो.

मोगरा या यादीत बसत नाही. त्याला पाणी लागतं. पण मोगऱ्याशिवाय उन्हाळा मला सोसवत नाही, म्हणून एकच वेल मोरीजवळ लावला, जिथे भांडी विसळलेलं साधं पाणी वळवता येतं.

आता बोगनवेल छाटायची आहे. पेन्सिलीएवढ्या जाड फांद्या ठेवून घेईन, पहिला पाऊस झाला की पिशव्यांत खोचेन. शेजारच्या काकूंना गडद गुलाबी हवी आहे, वहिनींना पांढरी. पांढरी माझ्याकडे नाही, ती मेमध्ये कुठे फुललेली दिसते ते बघून ठेवायचं आहे.