जळगावच्या उन्हात घरचा मीडिया सर्व्हर

घरातले सगळे व्हिडिओ, म्हणजे लग्नं, कानबाईचा उत्सव, आजीची अहिराणी गाणी, आता एकाच ठिकाणी आहेत आणि हॉलमधल्या टीव्हीवर दिसतात, याचा मला फार आनंद आहे. एक जुना ऑफिसवाला डेस्कटॉप घेतला, सातव्या जनरेशनचा इंटेल आय५ (त्याच्या आधीचा घेऊ नका, १०-बिट एचईव्हीसीला, म्हणजे नव्या व्हिडिओ फॉरमॅटच्या जास्त रंगछटावाल्या फाईलींना, अडतो), ४ टीबीच्या दोन हार्डडिस्क, आणि वर जेलीफिन, म्हणजे हे व्हिडिओ टीव्हीवर पाठवणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे आणि ओपन सोर्स पण.

खरी गंमत कन्व्हर्जनची. नवे मोबाईल एचईव्हीसीत शूट करतात, फाईल जुन्या एच.२६४ फॉरमॅटपेक्षा साधारण निम्म्या जागेत बसते, पण आप्पांच्या जुन्या टीव्हीला ती वाचताच येत नाही, मग सर्व्हर व्हिडिओ चालू असतानाच बदलून पाठवतो. हे नुसत्या प्रोसेसरवर टाकलं की सगळे कोअर १०० टक्के आणि पंखा बोंबलतो. इंटेल प्रोसेसरमधली क्विक सिंक ही सोय चालू केली की तेच काम ग्राफिक्सवाला भाग करतो, मशीन निवांत. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो तेव्हा हा फरक छोटा नाही. डबा पत्र्याखाली ठेवू नका, कूलरच्या ओल्या हवेसमोर तर अजिबातच नको.

लाईट जाते, यूपीएस पाहिजेच. आणि दोन डिस्क मिरर केल्या (दोन्हीवर आपोआप तेच साठतं) म्हणजे बॅकअप झाला असं समजू नका भो, चुकून डिलीट केलेलं दोन्हीकडून जातं. एक कॉपी घराबाहेर ठेवा. आमची धुळ्याला मावशीकडे असते, दर दिवाळीला नवी डिस्क जाते, जुनी परत येते.