तुम्ही विचारलंत म्हणून: आइस हॉकीतला फिरता खेळाडू पोट कसं भरतो?

बेळगावात संध्याकाळी रोलर स्केटिंगच्या रिंकच्या कठड्याला टेकून उभ्या असलेल्या टिळकवाडी-शहापूरकडच्या पालकांचा हा ठरलेला प्रश्न: "पोरगं चाकांवर चांगलं पळतंय. बर्फावरच्या हॉकीत पैसा लई आहे म्हणतात, तिकडं काही जमेल काय ओ?"

पैसा आहे, पण तो कुणाच्या हातात पडतो ते बघा. आनंदवाडीच्या आखाड्यात मैदान भरलं की पोस्टरवर एक नंबरच्या जोडीचा फोटो असतो. दुपारपासून मैदान तापवतात ते खालच्या जोडीतले पैलवान, आज इथं तर चार दिवसांनी भलत्याच गावच्या जत्रेत. उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकीत अशा गड्याला जर्नीमन म्हणतात. आपण फिरता खेळाडू म्हणू.

वरची लीग एनएचएल (नॅशनल हॉकी लीग), 32 संघांची. तिच्याखाली एएचएल (अमेरिकन हॉकी लीग), तिथंही 32, आणि त्याखाली ईसीएचएल. एनएचएलमध्ये 2025-26 च्या हंगामात किमान पगार 7,75,000 डॉलर होता. हा आकडा ऐकूनच लोक भुलतात. फिरत्या खेळाडूच्या हातात बहुतेक वेळा पडतो तो दुहेरी करार: वर असाल त्या दिवसाचा एक दर, खाली असाल त्या दिवसाचा दुसरा. समजा खालचा दर वर्षाला 85,000 ठरला आणि हंगामाचे दिवस 190 धरले, तर वरचा एक दिवस साधारण 4,080 डॉलरचा आणि खालचा 447 चा. दहा दिवस वर बोलावणं आलं तर जवळपास चाळीस हजार. तेच दहा दिवस खाली काढले तर साडेचार हजारसुद्धा नाहीत. म्हणून कुणाचा तरी गुडघा दुखावला की दुसऱ्याच्या घरी हप्ता फिटतो. ऐकायला वाईट, पण हिशेब हाच.

ईसीएचएलमध्ये पगार आठवड्याचा आणि फक्त हंगामापुरता. राहायला घर संघ देतो. पुष्कळदा शुक्रवार, शनिवार, रविवार लागोपाठ तीन सामने, मधला प्रवास बसनं. उन्हाळ्यात पगार बंद, तेव्हा बरेच जण शिबिरं घेतात नाहीतर दुसरं काही काम धरतात.

वर-खाली करण्यालाही नियम आहे. ठरावीक वर्षं किंवा सामने झालेल्या खेळाडूला खाली धाडायचं तर आधी 'वेव्हर्स'वर ठेवावं लागतं. 24 तासांत दुसरा कुठलाही संघ त्याला उचलू शकतो. कुणी उचललं नाही तर तो खाली जातो. उचललं तर दुसऱ्या दिवशी नवं गाव, आणि बायकापोरं मागच्या भाड्याच्या घरात.

आता ज्याविषयी कुणी विचारत नाही ती गोष्ट. एएचएलच्या सामन्यात गोलकीपर सोडून 18 जण उतरतात. त्यातले 13 'विकासाधीन' असावे लागतात: 12 जणांचे आधीचे व्यावसायिक सामने 260 किंवा कमी, एकाचे 320 पर्यंत. उरल्या पाच जागा अनुभवींच्या. हंगाम 72 सामन्यांचा, म्हणजे चौथ्या वर्षातच 260 ओलांडतात. सत्तावीस-अठ्ठावीसचा गडी, पायात दम, डोक्यात खेळ, आणि तरी जागा नाही. खेळ उतरला म्हणून नव्हे, मोजणी भरली म्हणून. युरोपातल्या लीगमध्ये खेळायला विमानात बसतात ते बहुतेक याच टप्प्यावर.

टिकतात ते एक काम चोख करणारे. चौथ्या, म्हणजे शेवटच्या फळीत उतरायचं, 45 सेकंद जीव तोडून पळायचं, बाहेर यायचं. फेसऑफ (खेळ सुरू करताना दोघांतली पकसाठीची झटापट) जिंकायचा, संघ एका गड्यानं कमी असताना पकच्या, म्हणजे रबरी चकतीच्या, आडवं पडायचं. असाच एक फिरता खेळाडू माइक सिलिंजर. त्याला डेट्रॉइटच्या संघानं 1989 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या पोरांच्या निवडीत, अकराव्या क्रमांकावर निवडलं होतं. पुढं तो 12 संघांकडून एनएचएल खेळला. हा विक्रम आहे, आणि सामने हजारावर. बारा संघांनी सोडलं असंही म्हणता येतं, पण बारा संघांना तो हवा होता हे जास्त खरं.

नव्या गावात पहिल्या दिवशी काय बिघडतं? बहुतेकदा स्केटचं पातं. ते जेमतेम 3 मिलिमीटर रुंद, मध्ये लांबीभर पन्हळ, दोन्ही बाजूंना धार. पन्हळीची त्रिज्या अर्धा इंच ठेवली तर पातं बर्फ घट्ट धरतं, पण घसरण कमी होते. पाऊण इंचाला उलट. मऊ बर्फावर खोल पन्हळ रुतते आणि मांड्या भरून येतात. नव्या संघाच्या पाती घासणाऱ्या माणसाला आपला आकडा सांगितला नाही, तर तो स्वतःच्या सवयीनं घासतो आणि वळणावर पाय निसटतो. धार समान आहे का हे बघायची सोपी युक्ती: रुपयाचं नाणं पात्यावर आडवं ठेवायचं. एका बाजूला कललं तर एक धार उंच आहे, परत घासायला द्या. शहाणे खेळाडू घासून तयार पात्यांची जादा जोडी बॅगेत ठेवतात.

युरोपात घर आणि बऱ्याचदा गाडी संघ देतो, पण बऱ्याच लीगमध्ये परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या. म्हणून कॅनडातला पोरगा आजोबांचा जर्मन जन्मदाखला शोधत बसतो. पासपोर्ट मिळाला की तो परदेशी धरला जात नाही, आणि सरस खेळाडूला मागं टाकून जागा मिळवतो.

आपल्या पोराचं काय? चाकांवरचा तोल आणि पकड बर्फावर उपयोगी पडते. थांबणं मात्र नव्यानं शिकावं लागतं: चाक जमीन पकडतं, पातं आडवं करून बर्फ खरवडावा लागतो. पण तिकडची पोरं चार-पाच वर्षांची असल्यापासून बर्फावर असतात आणि अठराव्या वर्षी ड्राफ्टला उभी राहतात. आपल्याकडं हा खेळ मुख्यतः लडाखचा, तोही बहुतेक थंडीतल्या गोठलेल्या बर्फावर. आणि भारतीय पासपोर्ट युरोपात सगळीकडं परदेशीच. त्या मोजक्या जागांसाठी रांगेत पुढं उभा असतो तो 260 सामने भरलेला कॅनडाचा गडी.