तुम्ही विचारलंत म्हणून: गाडी माझी, मग दर वेळी दुसरे कशाला?

"गाडी तूच बांधलीस ना? मग जरा कुठं खुट्ट झालं की त्या बाकीच्या किट कारवाल्यांना फोन कशाला लावतेस?" हे मला घरचे विचारतात, ऑफिसातले विचारतात, आणि परवा एका किट कारवाल्यानेच (किट कार म्हणजे सुटे भाग आणून स्वतः जोडायची गाडी, माझी तशीच) विचारलं तेव्हा मात्र डोकं सटकलं. एरवी हसून विषय बदलते. आता एकदाच लिहून टाकते, पुढच्या वेळी हेच वाचायला देईन.

आधी सोपं उत्तर. किट विकणारी कंपनी केव्हाच बंद पडली, सर्व्हिस सेंटर वगैरे प्रकार नाही. पुढचे अपराइट (ज्यांच्यावर चाकं बसतात ते भाग) फोर्ड कॉर्टिनाचे, डिफरन्शियल फोर्डच्याच सिएराचं, गिअरबॉक्स सिएराचाच टाइप नाइन, वायपरची मोटर मिनीची, आणि मधली ब्रॅकेटं कुणीतरी कापून वाकवून बसवलेली. काउंटरवरचा माणूस विचारतो मॉडेल कुठलं, साल कुठलं. काय सांगू? पुढचं बेअरिंग हवं असेल तर कॉर्टिनाचं मागायचं, आणि कॉर्टिना बंद झाली 1982 ला. सिएरा 1993 ला. कुठला पार्ट अजून मिळतो, कुठल्या दुसऱ्या गाडीचा थोडं घासून बसतो, हे ज्यांनी स्वतः बसवून बघितलंय त्यांच्याच डोक्यात असतं, छापलेलं कुठं सापडत नाही.

वायरिंगचंही तेच. लोखंडी बॉडीच्या गाडीत करंट परत यायला बॉडीच वापरतात. माझ्या गाडीचं नाक आणि मडगार्डं फायबरग्लासची, त्यातून करंट जात नाही, म्हणजे प्रत्येक दिव्याची अर्थिंगची वायर वेगळी चॅसीपर्यंत न्यायची. त्यातली एक जरी गंजली की करंट मिळेल त्या वाटेने परत यायला बघतो आणि मग इंडिकेटर लावला की भलताच दिवा मिणमिणायला लागतो. एकदा टेंपरेचरचा काटा मध्येच वर सरकायला लागला, मी थर्मोस्टॅट बदलला, कूलंटमधली हवा काढली, रेडिएटरचा फॅन तपासला. हिरवीवाल्याने (आमच्यात सगळ्यांना गाडीच्या रंगावरूनच ओळखतात) फोनवर एवढंच विचारलं, "हेडलाइट बंद कर, काटा खाली येतो का?" आला. डॅशबोर्डमागची अर्थ ढिली होती, इंजिन तापतच नव्हतं.

इथपर्यंत ऐकलं की सगळे मान डोलावतात. पण तुम्हाला हे विचारायचंच नसतं, कळतं मला. तुमचं म्हणणं असतं की मग ती तुझी गाडी कशी. तर त्यासाठी विशबोनचा (चाक चॅसीला धरून ठेवणारा पाइपचा त्रिकोणी हात) किस्सा सांगावा लागेल, जो मी फारसा कुणाला सांगत नाही.

आम्ही पाच-सहा गाडीवाले एका मोकळ्या पार्किंगमध्ये जमलो होतो. माझ्या गाडीचा हळू वळताना पुढून टक् असा आवाज यायचा. कुणी म्हणालं बॉल जॉइंट, कुणी म्हणालं बुश, एकाने स्टीअरिंग रॅकवर खापर फोडलं. पिवळीवाले काही बोलले नाहीत. आमच्यात ते सगळ्यात मोठे, आणि सगळ्यात कमी बोलणारे. पुठ्ठा टाकून पुढच्या चाकामागे आडवे झाले आणि टॉर्च तोंडात धरून एकेका वेल्डवरून अंगठ्याचं नख फिरवायला लागले. खालच्या विशबोनवर जिथं शॉकअपचं ब्रॅकेट वेल्ड केलेलं असतं तिथं नख अडलं. परत फिरवलं, परत तिथंच अडलं. मला बोलावून माझं बोट तिथं टेकवलं. मला तर पावडर कोटिंगची सुरकुती वाटली, तसं म्हणाले पण.

मग त्यांनी डिकीतून तीन कॅन काढले. तेवढ्या जागचं कोटिंग खरवडलं, क्लीनरने पुसलं, बारीक फटीत शिरणारा लाल डाय मारला आणि आम्ही थांबलो. दहा-पंधरा मिनिटं असतील, पण सगळे घोळका करून उभे आणि कुणीच काही बोलत नाहीये म्हटल्यावर ती केवढी लांबतात ते विचारू नका. नंतर कापडाने डाय पुसून घेतला, एकदम स्वच्छ पाइप. मी म्हटलं, बघा, काही नाहीये. ते म्हणाले, थांब. आणि वरून फटीतला डाय बाहेर ओढणाऱ्या पांढऱ्या डेव्हलपरची फवारणी केली. पांढऱ्यावर हळूहळू एक लाल रेघ उमटायला लागली, आधी केसाएवढी, मग रुंद होत गेली, वेल्डच्या कडेकडेने पाइपच्या निम्म्याला वळसा घालून गेलेली.

"चावी दे."

मी म्हटलं, सावकाश जाईन, मागचा रस्ता घेईन. ते म्हणाले, "त्या चिरेला सावकाश-बिवकाश काही कळत नाही." आणि हात पुढं करून तसेच उभे. सगळ्यांसमोर. कुणी मोबाईल बघायला लागलं, कुणी स्वतःच्या गाडीचं बॉनेट उगाच उघडलं. मी चावी दिली. दिली म्हणजे त्यांच्या हातावर आपटली. गाडी ट्रकवर चढली आणि मी हिरवीवाल्याच्या शेजारी बसून घरी आले, वाटभर एक शब्द बोलले नाही.

ते बरोबर होते यात वादच नाही. अशा डिझाइनमध्ये शॉकअप विशबोनच्या मधोमध टेकतो, म्हणजे प्रत्येक खड्ड्याला तो पाइप नुसता ओढला-ढकलला जात नाही, वाकतो. ब्रॅकेटचा वेल्ड जिथं संपतो तिथं सगळा ताण गोळा होतो आणि बारीक चीर सुरू होऊन रोज थोडी थोडी पुढं सरकते. विशबोन किटबरोबर तयार आले होते, वेल्ड माझे नव्हते. आणि ती चीर नुसती भरून चालत नाही, शेजारीच नवी पडते. एका मालकाकडे जिग (पाइप नेमक्या जागी धरून ठेवायचा साचा) होतं, त्यावर दोन्ही बाजूंचे नवे विशबोन झाले, जाड पाइप, ब्रॅकेटला लांब पट्टी, म्हणजे ताण एका जागी साचणार नाही. पाइप मी कापले, फाइलने तोंडं जुळवली, टिग वेल्डिंग त्याने केलं. त्याच किटच्या बाकी गाड्या तपासल्या तर आणखी एकीला अगदी त्याच जागी सुरुवात झालेली.

तरी मला अजून राग आहे. बाजूला घेऊन सांगता आलं असतं. बाई आहे म्हणून असं झालं का, हाही विचार डोक्यात येऊन गेला, पण त्यांनी एका दांडग्या माणसालाही ब्रेकच्या होजवरून असंच उभं केल्याचं नंतर कळलं, म्हणजे तेही म्हणता येत नाही. एकदा मी त्यांना थेट विचारलं. म्हणाले, हळूच सांगितलं असतं तर तू गेली असतीस. मी म्हटलं, नसते गेले. दोघंही हसलो नाही.

गाडी बांधत होते तेव्हाची मी असते तर म्हणाले असते की किट कार म्हणजेच एकट्याने करायचं काम, कुणाची मदत घेतली तर मजा काय. लोकांना ऐकवायचे मी हे! तिला आज सांगते, की बाई, 1957 ला लोटस सेव्हन ही छोटी ब्रिटिश स्पोर्ट्स कार किट म्हणून विकली गेली ती एकट्याच्या पराक्रमासाठी नाही, ब्रिटनमध्ये तयार गाडीवर परचेस टॅक्स होता आणि सुट्या भागांवर तो वाचायचा म्हणून. किटबरोबर जोडणीची माहिती दिली तर सवलत जाणार, म्हणून लोटसच्या कॉलिन चॅपमनने गाडी खोलायची माहिती दिली, ती उलटी वाचून जोडा, असा किस्सा सांगतात. 1973 ला व्हॅट आला आणि ती पळवाट संपली. उलटी पुस्तिका हातात पडलेला माणूस शेजारच्याला विचारल्याशिवाय राहिला असेल असं मला तरी वाटत नाही. यावर ती म्हणेल, टॅक्सचं कारण असेल, पण पाना तर माझ्याच हातात होता ना? होता. तिथं मला उत्तर सुचत नाही.

आणि सगळं मान्य करून गप्प बसावं तर मध्यंतरी नवीनच गाडी घेतलेल्या एकाचा पुढचा ब्रेकचा होज मला दिसला, स्टीअरिंग पूर्ण वळवलं की टायरला घासत होता, वरचं रबर जाऊन आतली जाळी दिसायला लागलेली. मी म्हटलं आज चालवू नकोस. तो म्हणाला, इथून घर जवळ आहे. चावी मागायला माझा हात काही पुढं झाला नाही. तो गेला, नीट पोचला, आणि आता सगळ्यांना सांगतो की ही बाई उगाच घाबरवते. पिवळीवाल्यांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, फोन कर त्याला, होज बदलला का विचार. केला. उचलत नाही.