नववी 'ब'मधले दोन राजे

स्मरणिकेसाठी लिही म्हटल्यावर सहल, मैदान, स्नेहसंमेलन असलं काही आठवायला हवं होतं. मला आठवला एक ऑफ तास. गणिताच्या बाई रजेवर, वर्गात बाजार भरलेला. आवाज ऐकून संस्कृतचे सर आत आले आणि फळ्यावर दोन नावं लिहिली: धृतराष्ट्र, प्रायम.

दुसरं नाव आम्हाला नवीन. होमरच्या इलियडमधला ट्रॉयचा म्हातारा राजा. एकाचे शंभर मुलगे, दुसऱ्याचे पन्नास. "यातला बरा राजा कोण?"

आम्ही अर्थातच आपल्या माणसाच्या बाजूने. मी उठून म्हणालो, धृतराष्ट्र बिचारा आंधळा, तो काय करणार?

"आंधळा होता, बहिरा नव्हता," सर म्हणाले. विदुराने रात्रभर समजावलं, कृष्ण भर सभेत शिष्टाई करून गेला. म्हाताऱ्याचं पालुपद एकच, दुर्योधन माझं ऐकत नाही. मला राग आला, खोटं कशाला सांगू! पण सरांनी प्रायमलाही सोडलं नाही. ग्रीकांकडून पळवून आणलेल्या हेलनला परत द्या, असं अँटेनॉर नावाचा वडीलधारा सभेत म्हणाला, तिला आणणाऱ्या राजपुत्र पॅरिसने नकार दिला, आणि बापाने मुलाचाच निरोप शत्रूला धाडला. इथवर दोघे एका माळेचे मणी.

मग सर भीमाच्या लोखंडी पुतळ्यावर आले. युद्ध संपलं तरी धृतराष्ट्राच्या मिठीत त्या पुतळ्याचा चुरा झाला. आणि प्रायम? मुलाचं, हेक्टरचं प्रेत सोडवायला सोनं, वस्त्रं गाडीत भरून रात्री शत्रूच्या छावणीत गेला, ग्रीक योद्धा अकिलीसचे गुडघे धरले, हेक्टरला मारणाऱ्या हातांचं चुंबन घेतलं. मागचे बाकही गप्प झाले.

मला मात्र आज त्यापुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं. अंत्यविधीला किती दिवस हवेत, असं अकिलीसने विचारलं, तेव्हा मुलाचं प्रेत अजून नजरेलाही पडलं नसताना म्हाताऱ्याला शहराची अडचण आठवली: वेढा पडलाय, सरपण लांब डोंगरातून आणावं लागेल, लोक घाबरलेत. म्हणून नऊ दिवस शोक, दहाव्याला अंत्यविधी, अकराव्याला समाधी.

"सर, आपल्यासारखंच दहावं-अकरावं!" कोणीतरी ओरडलं. वर्ग हसला. सरही.

"मग बाराव्याला काय?" मी विचारलं.

"लढाई," सर म्हणाले आणि फळा पुसायला लागले.