तुम्ही विचारलंत म्हणून : स्वस्तातला ब्लू-रे प्लेयर पारखायचा कसा?

‘टीव्ही बरा आहे, जुना रिसीव्हर (स्पीकरांना आवाज पुरवणारा अॅम्प्लिफायर) आणि पाच स्पीकर आहेत, थोड्या डिस्क जमल्या आहेत. महागड्याऐवजी स्वस्तातला ब्लू-रे प्लेयर घेतला तर चित्रात फरक पडेल का?’ हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला जातो की एकदा सविस्तर लिहिलेलं बरं.

चित्रात फरक पडणार नाही, निदान ब्लू-रे डिस्कच्या बाबतीत तरी. डिस्कवरचं चित्र १९२० बाय १०८० पिक्सेलचं, चित्रपट असेल तर बहुधा सेकंदाला २४ फ्रेमचं. एचडीएमआय केबलमधून टीव्हीपर्यंत ते आकड्यांच्याच रूपात जातं. ते उलगडायचे नियमही ठरलेले आहेत, त्यामुळे तेच आकडे वाचून महागडा प्लेयर डोळ्यांना जाणवेल एवढं वेगळं चित्र काढू शकत नाही. दोन टीव्हींवर दोन प्लेयर लावून जो फरक दाखवतात, तो बहुतेक वेळा टीव्हींचाच असतो. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘फोर-के अपस्केलिंग’ (म्हणजे कमी पिक्सेलचं चित्र फोर-के पडद्याएवढं मोठं करणं) लिहिलेलं असेल तर त्याचेही जास्त पैसे मोजू नका. फोर-के टीव्ही ते काम स्वतःच करतो.

स्वस्त आणि महाग यांतला फरक बाकीच्या गोष्टींत दिसतो. त्यात पहिली गोष्ट डीव्हीडी. घरात ब्लू-रे दहा असतील तर डीव्हीडी शंभर असतात. टीव्हीच्या चित्राच्या दोन पद्धती आहेत, आपल्याकडची पाल आणि अमेरिकेतली एनटीएससी. डीव्हीडीचं चित्र पाल पद्धतीत ७२० बाय ५७६ आणि एनटीएससी पद्धतीत ७२० बाय ४८०. तेही सम आणि विषम ओळींच्या दोन अर्ध्या भागांत साठवलेलं. हे अर्धे भाग नीट जोडून पूर्ण फ्रेम करणं आणि ती मोठी करणं हे प्लेयरचं काम, आणि स्वस्त प्लेयर अडखळतो तो इथेच. सतारीच्या तारा, जिन्याचे कठडे, फडकणारा झेंडा, नऊवारीचे बारीक काठ असं काही हलताना दिसेल असा प्रसंग लावा. तिरप्या कडांना कंगव्यासारखे दाते दिसले किंवा काठ लुकलुकू लागले, तर जोडणी कच्ची आहे. तसं असेल तर सेटिंगमध्ये आउटपुट ४८०आय किंवा ५७६आय, म्हणजे अर्धे भाग न जोडता, करता येतं का ते पाहा. येत असेल तर जोडणी टीव्हीवर सोपवा. तो हे काम बहुधा जास्त चांगलं करतो. हिंदी चित्रपटांच्या बऱ्याच डीव्हीडी भारतात विकल्या गेल्या तरी एनटीएससी पद्धतीच्या असतात, म्हणून दोन्ही पद्धतींच्या डिस्क लावून बघा.

मराठी घरांत आणखी एक गठ्ठा असतो, नाटकांच्या आणि जुन्या मराठी चित्रपटांच्या व्हीसीडींचा. त्यांचं चित्र ३५२ बाय २८८ इतकंच असतं, पण अनेक नाटकं दुसऱ्या कुठल्या रूपात मिळतच नाहीत. डीव्हीडी प्लेयरवर व्हीसीडी चालते म्हणून ब्लू-रेवरही चालेल असं धरून चालू नका. बरेच ब्लू-रे प्लेयर ती सरळ नाकारतात. माहितीपुस्तिकेतल्या ‘चालणाऱ्या डिस्क’ या तक्त्यात व्हीसीडी आहे का ते वाचा, आणि शक्य असेल तर दुकानात एक लावूनच बघा. स्वस्तात मिळतो म्हणून कुणी जुना पीएस-४ हा सोनीचा गेम-कन्सोल घ्यायचं सुचवलं, तर त्यावर ऑडिओ सीडीसुद्धा वाजत नाही हे लक्षात ठेवा.

आता आवाज. तक्रारी सर्वांत जास्त इथे येतात, आणि निम्म्याहून अधिक वेळा दोष सेटिंगचा असतो. रिसीव्हरला एचडीएमआय आहे आणि त्यावर डॉल्बी ट्रूएचडी व डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ या ब्लू-रेवरच्या उत्तम आवाजाच्या प्रकारांची चिन्हं आहेत, तर प्लेयरमध्ये ‘बिटस्ट्रीम’ निवडा, म्हणजे आवाज न उलगडता जसाच्या तसा रिसीव्हरकडे जाईल. शिवाय ‘सेकंडरी ऑडिओ’ किंवा ‘बीडी ऑडिओ मिक्स’ असं काही दिसेल ते बंद करा. ते चालू असलं की मेनूचे टिकटिक आवाज आणि दिग्दर्शकाची टिप्पणी मुख्य आवाजात मिसळण्यासाठी प्लेयर सगळं पुन्हा बांधतो, आणि रिसीव्हरच्या पट्टीवर ट्रूएचडीऐवजी साधं डॉल्बी डिजिटल दिसतं. पट्टीवर योग्य नाव येत नसेल तर आधी हे तपासा. मग डिस्कच्या मेनूत ध्वनीचा योग्य ट्रॅक निवडला आहे का ते पाहा.

रिसीव्हरला एचडीएमआय आहे पण हे नवे प्रकार कळत नाहीत, तर प्लेयरमध्ये ‘पीसीएम’ निवडा. आवाज प्लेयर उलगडेल आणि रिसीव्हरला सहा किंवा आठ चॅनल तयार मिळतील. काही स्वस्त प्लेयर मात्र डीटीएस-एचडी उलगडताना फक्त दोनच चॅनल देतात, म्हणून मागचे स्पीकर खरोखर बोलताहेत ना हे कान जवळ नेऊन ऐका.

रिसीव्हर त्याहून जुना, नुसती ऑप्टिकल किंवा कोअॅक्सिअल ही डिजिटल आवाजाची जुनी जोडणी असलेला? मग ‘बिटस्ट्रीम’च ठेवा, कारण त्या तारेतून पीसीएमचे दोनच चॅनल जातात. ट्रूएचडी आणि मास्टर ऑडिओ तिथून जात नाहीत. जातं ते डॉल्बी डिजिटल, ब्लू-रेवर सेकंदाला ६४० किलोबिटपर्यंत, किंवा डीटीएस हा तसाच दुसरा प्रकार, साधारण १.५ मेगाबिट. डीव्हीडीवर डॉल्बी बहुधा ४४८ किलोबिटवर थांबतं, म्हणजे जुन्या रिसीव्हरलाही फायदा होतोच. फक्त प्लेयरच्या मागे कोणतं भोक आहे ते पैसे देण्याआधी बघा. स्वस्त मॉडेलांत कित्येकदा कोअॅक्सिअलच असतं आणि घरातल्या रिसीव्हरला हवं असतं ऑप्टिकल.

प्लेयर टीव्हीला आणि टीव्हीतून एआरसीने (टीव्हीकडचा आवाज एचडीएमआय तारेतूनच बाहेर पाठवायची सोय) साउंडबारला अशी जोडणी असेल तर एक खास अडचण येते. अनेक टीव्ही डीटीएस पुढे पाठवतच नाहीत. चित्र येतं, आवाज शून्य. प्लेयरमध्ये डीटीएसचं डॉल्बीत रूपांतर करायची सोय असेल तर ती चालू करा, नाहीतर पीसीएमवर जाऊन दोन चॅनलवर समाधान माना. साउंडबारला स्वतःचा एचडीएमआय इनपुट असेल तर प्लेयर सरळ तिथेच लावा.

चित्राच्या सेटिंगचं थोडक्यात. २४ फ्रेमचं आउटपुट चालू, प्लेयरमधलं शार्पनेस आणि नॉइज रिडक्शन शून्य, टीव्हीवर ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’, म्हणजे कडा कापल्या जाणार नाहीत. १०८०पीसाठी साधी हायस्पीड एचडीएमआय केबल पुरते. सोन्याचा मुलामा असलेली केबल विकणाऱ्याला हसून नमस्कार करा. टीव्ही किंवा प्रोजेक्टर एचडीएमआय नसलेला असेल तर मात्र बेतच बदला. कॉपी-संरक्षणाच्या करारानुसार २०१३ नंतर बनलेल्या प्लेयरमध्ये ब्लू-रेसाठी अॅनालॉग चित्र-आउटपुट नसतं.

घड्याळ लावून एक चाचणी घ्या. डिस्क आत गेल्यापासून पहिलं चित्र येईपर्यंत अर्धं मिनिट लागलं तर छान, दीड मिनिट लागलं तर रोज चिडचिड. भारी मेनूच्या डिस्कना वेळ लागतोच, पण ‘बीडी-लाइव्ह’ किंवा डिस्कचं इंटरनेट बंद केलं की बराच वेळ वाचतो. नवी डिस्क अजिबात उघडत नसेल तर प्लेयर बिघडलाय असं लगेच समजू नका. डिस्कवरच्या कुलपांच्या चाव्या अधूनमधून बदलतात आणि त्यासाठी फर्मवेअर, म्हणजे प्लेयरच्या आतला प्रोग्राम, अपडेट करावा लागतो. म्हणून कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलची फाइल अजून मिळते का हे खरेदीआधी बघा. ती एफएटी-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर घालून लावायची, आणि अपडेट संपेपर्यंत वीज जाता कामा नये. भारनियमन असेल तर इन्व्हर्टरवर करा. प्लेयरमधल्या जुन्या व्हिडिओ अॅप्सना मात्र किंमत देऊ नका. त्यांतली बरीच आज उघडत नाहीत.

ओप्पोने २०१८ मध्ये हा धंदा सोडला, सॅमसंगने २०१९ मध्ये नवी मॉडेल्स थांबवली, त्यामुळे स्वस्तात म्हणजे बऱ्याचदा वापरलेलाच प्लेयर मिळतो. तिथे ‘डीव्हीडी लावून दाखवली, चालते’ यावर विश्वास ठेवू नका. सीडी, डीव्हीडी आणि ब्लू-रे यांना वेगवेगळ्या तरंगलांबीचा लेझर लागतो : ७८०, ६५० आणि ४०५ नॅनोमीटर. निळसर-जांभळा ४०५चा लेझर मंदावला की डीव्हीडी व्यवस्थित चालते आणि ब्लू-रेवर ‘नो डिस्क’ येतं. तिन्ही प्रकार सोबत न्या. ब्लू-रे ५० जीबीची, दोन थरांची घ्या, आणि मधला तासभर पळवत न जाता चालू द्या. पहिला थर संपून दुसरा सुरू होतो तिथेच थकलेला लेझर अडकतो. स्वच्छ डिस्कवर चित्र तिथे गोठलं तर तो प्लेयर परत ठेवा. डिस्कवर बोटांचे ठसे असतील तर आधी मऊ कापडाने मधून बाहेर पुसून घ्या. ब्लू-रेचा माहितीचा थर पृष्ठभागापासून जेमतेम ०.१ मिलिमीटर आत असतो, त्यामुळे वरचा डाग तिला डीव्हीडीपेक्षा जास्त नडतो. भाव मात्र त्या डागावरून पाडू नका, तो तुमच्या डिस्कचा आहे.

अमेरिकेतल्या नातेवाइकाने पाठवलेला प्लेयर फुकट मिळाला तरी तीन गोष्टी बघा. मागच्या पट्टीवर व्होल्टेज ११० ते २४० आहे की नुसतं १२०. डिस्क आणि प्लेयर यांचा विभाग (रीजन) जुळला तरच डिस्क चालते : ब्लू-रेचा विभाग तिथे ‘ए’, आपला ‘सी’. डीव्हीडीचा तिथे १, आपला ५. अनेक हिंदी ब्लू-रे सर्व विभागांत चालतात, पण सगळ्या नाही. आणि तिकडचे बरेच प्लेयर पाल डीव्हीडी घेत नाहीत. फोर-के यूएचडी डिस्कना विभागाचं बंधन नाही, पण त्या साध्या ब्लू-रे प्लेयरमध्ये चालतच नाहीत.

आणि रिमोट मागून घ्या, मूळ, त्याच मॉडेलचा. स्वस्त प्लेयरच्या तोंडावर दोन-तीनच बटणं असतात. टीव्हीच्या रिमोटने चित्रपट चालू-बंद करता येतो, पण वर सांगितलेल्या सेटिंगच्या मेनूत शिरता येईलच असं नाही.