वाटीभर आमटीतली नऊ ग्रॅम डाळ

कागदावर ती बाई पोटभर जेवत होती. चोवीस तासांच्या आहाराची बेरीज २४२७ किलोकॅलरी, प्रथिनं ७२ ग्रॅम. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या तक्त्यात बैठं काम करणाऱ्या ५५ किलोच्या स्त्रीला १६६० किलोकॅलरी धरल्या आहेत, गरोदरपणात त्यावर ३५०. म्हणजे गरज २०१० ची आणि जेवण २४२७ चं. आणि त्याच कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लिहिलेलं: सातवा महिना, वजन ४३ किलो, हिमोग्लोबिन ८.४.

खाली ठरलेलं वाक्य होतंच. ‘गर्भवतीस योग्य आहाराचे महत्त्व पटवून दिले. बीट, डाळिंब व गूळ-शेंगदाणे खाण्यास सांगितले.’

मी शिकवते त्या जीएनएम या नर्सिंग पदविकेच्या पहिल्या वर्षाच्या मुलींचं सोलापूरच्या पूर्व भागात पोस्टिंग होतं. घराघरात विड्या वळणाऱ्या बायका, गल्लीत यंत्रमागांची खडखड, घरात तेलुगू आणि दारात मराठी. सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा संपेपर्यंत मुद्दाम थांबलो होतो, कारण यात्रेच्या दिवसांतलं खाणं रोजचं नसतं. आहाराची नोंद घ्यायची तर साधा दिवस हवा. तेवढी काळजी घेऊनही हा आकडा आला. एवढं खाणाऱ्या बाईचं सातव्या महिन्यात ४३ किलो वजन असेल, तर आजार तरी लपलाय किंवा बेरीज तरी खोटी आहे. माझा संशय बेरजेवर होता. दुसऱ्या दिवशी होस्टेलच्या मेसमधला डिजिटल काटा, ५० मिलीची सिरिंज आणि मुलींनी ही नोंद केली ती वही घेऊन आम्ही चौघी पुन्हा त्याच घरी गेलो.

भाकरीपासून सुरुवात केली. वहीत ३ भाकऱ्या, प्रत्येकी १०० ग्रॅम, एकूण ३०० ग्रॅम, म्हणून १००२ किलोकॅलरी आणि ३० ग्रॅम प्रथिनं. आता पोषणमूल्यांच्या तक्त्यात ज्वारीला १०० ग्रॅममागे ३३४ किलोकॅलरी आहेत, पण त्या कोरड्या धान्याच्या. भाकरीत पाणी असतं. त्या गरोदर ताईला म्हटलं, रोज घेता तसंच एका भाकरीचं पीठ परातीत घ्या, मोजून घेऊ नका. पीठ भरलं ५५ ग्रॅम. भाजून उतरवलेली भाकरी ८५ ग्रॅम. मुलींनी आधी तिचं वजन अंदाजाने वाढवलं, मग त्या वजनाला पिठाचा भाव लावला. दोन चुका, दोन्ही एकाच दिशेला.

तिसरी चूक काट्यावर दिसणारी नव्हती. भाकऱ्या तीन नव्हत्या, अडीच होत्या. दुपारच्या भाकरीतली अर्धी थोरल्या मुलीला जात होती. पहिल्या दिवशी प्रश्न विचारले तेव्हा उत्तरं सासूबाई देत होत्या, आणि त्यांनी सांगितल्या त्या सुनेच्या नावाने भाजलेल्या भाकऱ्या. यात खोटेपणा काही नाही. ताटात वाढलेलं आणि पोटात गेलेलं यांत फरक असतो, हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. अडीच भाकऱ्यांचं पीठ १३७ ग्रॅम, म्हणजे ४५९ किलोकॅलरी आणि १४ ग्रॅमच्या आत प्रथिनं. वहीतल्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी.

भाताचं तेच. १५० ग्रॅम शिजलेल्या भाताला कच्च्या तांदळाचा भाव लावून ५३४ किलोकॅलरी मांडल्या होत्या. तांदूळ शिजून वजनाला अडीच ते तीन पट होतो, तेव्हा तो ५५ ग्रॅम तांदूळ धरायचा. १९६ किलोकॅलरी.

आमटीपाशी मात्र मुली गप्प झाल्या. वर्गात शिकवलेलं असतं: एक वाटी आमटी म्हणजे ३० ग्रॅम डाळ. दोन वाट्या, ६० ग्रॅम, १३ ग्रॅम प्रथिनं. आम्ही आधी वाटी मोजली. सिरिंजने पाणी भरत गेलो. दोन सिरिंजा पूर्ण आणि वर २० मिली, म्हणजे १२० मिलीची वाटी. दोन्ही वेळच्या आमटीला तूरडाळ किती, ते वजन करून पाहिलं: १२० ग्रॅम. पातेलं रिकामं झाल्यावर आमटी जिथवर होती तिथवर पाणी भरून मोजलं: १६०० मिली. आता भागाकार मुलींनीच केला. १०० मिलीत साडेसात ग्रॅम डाळ, वाटीत ९. दोन वाट्यांत १८ ग्रॅम डाळ, चार ग्रॅमही प्रथिनं नाहीत. पूर्व भागातली आमटी मुळातच पातळ, भाकरी कुस्करायला केलेली. चवीला उत्तम असते, त्याबद्दल वाद नाही.

चहाचे चार कप. वहीत प्रत्येकी १०० मिली दूध. प्रत्यक्षात कपात दूध ३० मिली, बाकी पाणी. साखर मात्र दोन चमचे, म्हणजे १० ग्रॅम. चार कपांत दुधाच्या ८८ किलोकॅलरी आणि साखरेच्या १६०. भाजी आणि तेलाचे आकडेही थोडे फुगलेले होते, पण त्यावर वेळ घालवला नाही.

एक गोष्ट वहीत नव्हतीच. शेंगाची चटणी. सोलापुरात चटणी ताटात असतेच, म्हणून कुणी ती जेवणात धरत नाही. विचारणाऱ्या मुलीनेही ‘चवीपुरती’ म्हणून सोडून दिली होती. आम्ही दिवसभराची काट्यावर ठेवली: २५ ग्रॅम. सव्वाशे किलोकॅलरी आणि ५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. तिच्या दोन वाट्या आमटीपेक्षा जास्त.

नवी बेरीज १२५३ किलोकॅलरी आणि ३३ ग्रॅम प्रथिनांवर आली. शेवटच्या तिमाहीत गरज साधारण ६८ ग्रॅमची असते: ५५ किलोला ०.८३ ग्रॅम दराने ४६, वर २२. आता वजन आणि हिमोग्लोबिन कागदाशी बोलायला लागलं.

पण सगळं नाही. इतकं कमी खाऊन भूक कशी लागत नाही, हा प्रश्न राहिलाच. उत्तर त्याच वहीत होतं, भलत्या रकान्यात. ‘वैयक्तिक स्वच्छता’ या मथळ्याखाली एका मुलीने लिहिलं होतं: ‘दात दिवसातून ४ वेळा घासते. उत्तम.’ शहरात वाढलेली मुलगी, तिला यात वावगं वाटलं नाही. मी ताईला विचारलं, कशाने घासता? तिने विड्यांच्या सुपाशेजारची छोटी डबी पुढे केली. मिश्री. भाजलेल्या तंबाखूची भुकटी. सकाळी एकदा, बाकी तीनदा ‘पोटात कसंतरी होतं तेव्हा’. पोटात कसंतरी होतं ती भूक असते, आणि तंबाखू ती मारतो. गरोदरपणातल्या तंबाखूने बाळाचं वजन कमी भरतं, मग तो ओढा, खा की हिरडीला चोळा. आहाराच्या छापील नमुन्यात मिश्रीला रकाना नाही. तंबाखूचा एक रकाना आहे, पण त्यासमोर बायका ‘नाही’ म्हणतात आणि त्यांच्या मते ते खरंच असतं, कारण मिश्री म्हणजे दात घासणं.

विडीच्या कामाचं आणखी एक. विड्या वळता वळता मध्येच भाकरीचा तुकडा तोंडात, असं खाणं चालतं. बोटांना तंबाखूची धूळ असते. साबणाने हात धुऊन, सूप बाजूला सारून दहा मिनिटं बसून जेवायचं, हा सल्ला ऐकायला सोपा आहे; हजार विड्यांचा हिशेब अंगावर असताना तो पाळणं अवघड जातं.

नंतर गोळ्या. रजिस्टरप्रमाणे लोहाच्या ६० लाल गोळ्या दिलेल्या, महिना उलटून गेलेला. ‘घेता का?’ असं विचारलं की उत्तर ‘हो’ असतं, म्हणून पाकिटं मागवून मोजली. ४१ शिल्लक. सकाळी उपाशीपोटी चहाबरोबर घ्यायची, मळमळायचं. त्यात शौचाला काळं झालं तशी ती घाबरून थांबली. ज्या दिवशी घेतली त्या दिवशी कॅल्शियमची गोळीही सोबतच. चहातलं टॅनिन आणि कॅल्शियम, दोन्ही लोहाचं शोषण अडवतात. म्हणजे एकोणीस गोळ्या पोटात गेल्या, त्यांतलं रक्तापर्यंत किती पोचलं असेल याचा विचार करा.

गोळीचं महत्त्व मुलींना पटावं म्हणून तिच्या जेवणातलं लोहही तिथेच मांडलं. भाकरीतून साडेपाच मिलिग्रॅम, डाळ, भात, चटणी आणि भाजी मिळून आणखी तीन. साडेआठ-नऊ. गरज २७ ची. त्यातही धान्यातलं फायटेट हे लोहाला बांधून ठेवणारं द्रव्य आडवं येतं, अंगी लागतं ते फार थोडं. आता वहीतला सल्ला लावून बघा: १० ग्रॅम गूळ अर्धा मिलिग्रॅम देतो, २० ग्रॅम शेंगदाणे पाऊण मिलिग्रॅमच्या आत, १०० ग्रॅम बीट तेवढंच. बीटाचा लाल रंग बेटालेनचा, डाळिंबाचा अँथोसायनिनचा. रंग रक्ताचा आहे म्हणून त्यात रक्त नाही. डाळिंबाच्या जिल्ह्यात हे बोलणं धाडसाचंच. डाळिंब खावं, त्यातलं क जीवनसत्त्व उपयोगीच पडतं, पण घरात पैसे मोजकेच असतील तर ८.४ हिमोग्लोबिनच्या बाईला आधी अंडं सांगावं. लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. ७ ते ९.९ हिमोग्लोबिन म्हणजे मध्यम रक्तक्षय, त्याला ‘अॅनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात दिवसाला दोन गोळ्या आहेत. आहार गोळीच्या जोडीला असतो, तिच्या जागी बसत नाही. हे वाक्य मुली परीक्षेत बरोबर लिहितात आणि घरोघरी जाऊन बीट सांगतात.

मग काय सांगायचं? इथे मी मुलींना बोलू दिलं, फक्त एक अट घातली: घरात नसलेली वस्तू सांगायची नाही. पहिलीने अर्धा लिटर दूध सुचवलं आणि स्वतःच मागे घेतलं. शेवटी ठरलं ते असं. डाळ १२० ऐवजी १५० ग्रॅम शिजवायची आणि आमटीचं पाणी घालण्याआधी दोन पळ्या घट्ट वरण ताईसाठी वाटीत काढून ठेवायचं. काढून ठेवणं महत्त्वाचं. नुसती डाळ वाढवली तर ती पातेलंभर पसरते आणि तिच्या वाटीत जास्तीची सव्वादोन ग्रॅमच येते. वरणावर अर्धं लिंबू, ताटात वाढल्यावर, उकळताना नाही. रोज एक अंडं, सहा ग्रॅम प्रथिनं. घरात रविवारी मटण होतं, त्यामुळे अडचण नव्हती. मिश्रीची हुक्की येते त्या वेळी, दुपारी चारच्या सुमाराला, मूठभर भाजके शेंगदाणे: ३० ग्रॅममध्ये सात ग्रॅम प्रथिनं आणि दीडशेवर किलोकॅलरी. अंबाडीची भाजी आठवड्यातून दोनदा, लोखंडी कढईत. आंबट भाजी लोखंडात शिजली की कढईतलं लोह थोडं उतरतं. भाजीचं नाव काढताच सासूबाई पहिल्यांदा खुलल्या: ‘पुंटिकूर? ती तर आमची हाय की!’ ज्वारीची आंबील त्यांनीच सुचवली. रात्रभर आंबवलेल्या पिठातलं फायटेट कमी होतं, हे त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं.

अंगणवाडीचं पोषण आहाराचं पाकीट घरी येत होतं. गरोदर बाईसाठी त्यात दिवसाला ६०० किलोकॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिनं धरलेली असतात, पण ते शिजतं घरादाराला. निम्मं तरी तिच्या पोटात जाईल असं धरून बेरीज केली तेव्हा प्रथिनं ६२ च्या आसपास गेली, किलोकॅलरी १८७०. अजून कमीच. वहीत तसंच लिहायला लावलं.

गोळ्यांची वेळ बदलली. एक दुपारच्या जेवणानंतर, एक रात्रीच्या. पोट भरलेलं असताना शोषण घटतं, पण मळमळून गोळी बंद होण्यापेक्षा ते परवडतं. चहा तासभर लांब. कॅल्शियम सकाळच्या खाण्याबरोबर आणि संध्याकाळी पाचला, म्हणजे लोहापासून दोन तासांचं अंतर राहतं. शौचाला काळं होणं म्हणजे गोळी लागू पडत असल्याची खूण नव्हे, न शोषलेलं लोह बाहेर पडतंय एवढंच. पण घाबरायचं कारण नाही. हे सगळं सांगून झाल्यावर ताईला उलट विचारलं: कधी, कशाबरोबर, कशापासून लांब? कॅल्शियमची वेळ तिने दोनदा चुकवली. तिसऱ्यांदा बरोबर सांगितली. ‘समजलं का?’ विचारलं असतं तर पहिल्याच झटक्यात ‘समजलं’ आलं असतं.

त्या संध्याकाळी होस्टेलमध्ये प्रत्येकीला जेवणाची वाटी घेऊन बोलावलं. सिरिंजने मोजल्यावर सगळ्यात लहान निघाली ९० मिलीची, सगळ्यात मोठी २१०. आठवडाभर त्या सगळ्यांच्या वह्यांत वाटी एकच होती. प्रमाणित मापांचा संच वर्गाच्या कपाटात आहे, कुलपात. किल्ली कुणाकडे असते हा वेगळा विषय. आता नोंद घेण्याचा क्रम बदलला आहे. काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय तोंडात गेलं ते आधी न अडवता ऐकायचं, मग वेळा विचारायच्या, मग भांडी पुढ्यात ठेवून माप घ्यायचं, आणि शेवटी पुन्हा एकदा: चटणी, चहा, पान, मिश्री, कुणाला दिलेलं, ताटात उरलेलं. सासूबाईंशी एका मुलीने बोलत बसायचं आणि दुसरीने सुनेशी.

चार आठवड्यांनी ताईचं हिमोग्लोबिन ९.१ झालं, वजन दीड किलोने वाढलं. मिश्री चारवरून एकवर आली होती. सकाळची सुटत नव्हती. गोळ्या मोजल्या, तीनच चुकलेल्या. तरीही हिमोग्लोबिनमध्ये महिन्याला १ ग्रॅम वाढ हवी, झाली ०.७, आणि दिवस भरत आलेले. म्हणून वाट न बघता तिला मोठ्या दवाखान्यात पाठवायची चिठ्ठी करून घेतली. शिरेतून लोह द्यायचं की नाही ते तिथले डॉक्टर ठरवतील. चिठ्ठी घ्यायला सासूबाई आल्या. पिशवीत दुपारचा डबा होता, वरणाची वाटी वेगळ्या झाकणाची.